आपल्या माणसांचं बोला

इतिहासाच्या तासाला माझा भाऊ उभा राहिला आणि आमच्या काकांनी शेजाऱ्यांचं रान बळकावलं आहे, असं त्यानं सांगितलं. त्याच आठवड्यात त्याचं शिक्षण संपलं.

आम्ही दोघं ईट गावचे. वडील लवकर वारले, काकांनी सांभाळलं. धाराशिवला कॉलेज निघालं तेव्हा काकांनीच आम्हाला मावशीकडं ठेवून तिथं नाव घातलं. मुलीला कॉलेजात पाठवणारे गावात ते एकटेच. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून ते विसरलं जाईल.

हैदराबाद संस्थान विलीन होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. निजामाच्या अमलाचा विषय निघाला की वर्ग तापायचा. कुणी रझाकारांचं सांगायचं, कुणी पोलीस अ‍ॅक्शननंतर काय झालं ते. दुसऱ्याचं ऐकायचं कुणीच नाही. शेवटी सरांनी नियम घातला, "आपल्यावर काय झालं ते सांगू नका. आपल्या माणसांनी काय केलं ते सांगा."

त्यानंतर बरेच दिवस तो विषय निघाला की जो तो वहीत डोकं घालायचा. मग परंड्याचा एक मुसलमान मुलगा उठला. त्याचे मामू रझाकारांत होते. "एका म्हाताऱ्या दुकानदाराला त्यांनी चौकात उठाबशा काढायला लावल्या. मी लहान होतो. मला हसू आलं होतं," असं म्हणून तो खाली बसला.

मागून कुणीतरी बोललं, "आत्ता आलं बाहेर!"

तेव्हा भाऊ उठला. आमच्या रानाशेजारचं मुसलमान कुटुंब त्या धामधुमीत हैदराबादला निघून गेलं आणि काकांनी मधला बांध मोडला, एवढंच तो म्हणाला. मग थांबून, "आमची फी त्याच रानातून येते."

"मग देऊन टाक की परत!" वर्ग हसला.

"जे हसले त्यांनी आता आपल्या गावचं सांगावं," सर म्हणाले. कुणी उठलं नाही. मीही त्याच वर्गात, मुलींच्या बाकावर बसून राहिले. भाऊ खरं बोलत होता.

बातमी गावाकडं पोचायला वेळ लागला नाही. काका मावशीच्या दारात आले ते उभेच राहिले.

"लई शिकलास रं! वकील झालास व्हय?"

"पाव्हणं, आधी च्या घ्या, मग भांडा," मावशी म्हणाली.

"काका, खोटं बोललो का म्या?"

"खोटं न्हाय, म्हणून तर बोलायचं न्हाय! उद्या ती माणसं कागद घेऊन आली म्हंजी?"

"आली तर त्यांचंच हाय की."

काका खाली बसले. चहा तसाच राहिला. मग हळू आवाजात म्हणाले, "वर्गात उभं ऱ्हायचं आन् चुकून बोललो म्हणायचं. न्हाय तर दोघांच्या ट्रंका बांधा."

भावानं माझ्याकडं पाहिलं नाही. "तसं म्या म्हणणार न्हाय. म्या येतो गावाकडं. हिला राहू द्या. ही कायबी बोलली न्हाय."

काकांनी गार झालेली कपबशी बाजूला सारली. "ऱ्हाऊ दे हिला," म्हणाले.

सर काकांची समजूत घालायला आले तेव्हा गावाकडची बस निघून गेली होती. पुढं त्यांनी तो विषय नेमलेल्या पुस्तकातूनच शिकवला.

मी बी.ए. झाले, शाळेत शिकवू लागले. भाऊ शेती करत राहिला. सुट्टीत पुस्तकं नेली की तो ती वाचून काढायचा. त्यांच्यावर बोलायचा, वाद घालायचा. त्या तासाबद्दल मात्र कधीच नाही. एकदा मी विचारलंच, "पस्तावलास का रे?" तो म्हणाला, "कापूस वेचायचाय. उद्या बोलू." ते राहिलं. काका गेल्यावर त्यानं हैदराबादला दोन खेपा केल्या. ते लोक सापडले नाहीत.

भाऊ गेल्या महिन्यात गेला. तेराव्यानंतर त्याच्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. "अण्णा कॉलेजात होते?" त्यानं विचारलं. बाकी काही विचारलं नाही.

त्या रानासकट सातबारा आता त्याच्या नावावर होईल. भावाचं त्या तासाचं बोलणं ऐकलेली घरात मी एकटी उरले आहे.