जीपमधली चौथी सीट

“सर, तुमचा चौथा पॅसेंजर जंगलातच राहिलाय. गेटवाले गाडी सोडत नाहीत.”

केनियातून फोन होता, तिथला आमचा ड्रायव्हर जोसेफ. आम्ही दोघं मोडक्या इंग्रजीत बोलायचो, इथं मराठीत सांगतो. संध्याकाळची वेळ, माझ्या ट्रॅव्हल ऑफिसबाहेर गुलमंडीच्या बाजाराचा गलका. मी दुसरा कान दाबून परत विचारलं, कोण राहिलाय? कारण तो चौथा पॅसेंजर दोन महिन्यांपूर्वी हर्सूलच्या घरी वारला होता. मी स्वतः मातीला गेलो होतो.

ते गुरुजी. देवगाव रंगारीच्या शाळेत त्यांनी मला शिकवलं. रिटायर होऊन मुलाकडं हर्सूलला आले. उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. एक दिवस ऑफिसात येऊन म्हणाले, “रफिक, हत्ती अन् समुद्र एकाच खेपेत दाखव.” मी केनियाचा किनारा काढला. आधी दोन दिवस जंगल, मग तीन दिवस समुद्र. पॅक्स चार. पॅक्स म्हणजे आमच्या भाषेत प्रवासी: गुरुजी, काकू, मुलगा सुधीर आणि सून.

फॉर्ममध्ये जेवणाचा एक कॉलम असतो. गुरुजी म्हणाले, “केळं सोडून काहीबी लिही.” केळ्याच्या वासानंही त्यांना मळमळायचं. मी चेष्टा केली, “गुरुजी, तिकडं केळीच केळी. उपाशी मराल!” हसण्याच्या नादात तो कॉलम कोराच राहिला.

मग गुरुजी हार्टअटॅकनं गेले. त्यांचं तिकीट आणि हॉटेलातलं नाव मी कॅन्सल केलं. काकू मात्र जायचंच म्हणाल्या. निघायच्या आदल्या दिवशी समोर येऊन बसल्या.

“तिघांनी निघू नाय, लेका. चौथा माणूस म्हणून सुपारी घेतलीय. तिला जीपमधी खिडकीची सीट ठेव.”

आपल्याकडं तिघं निघाले की सोबत सुपारी घेतात, हे मला पोरपणापासून ठाऊक. सीट तशीही रिकामीच जाणार होती. त्यांचं मन मोडवेना. ड्रायव्हरला जाणाऱ्या यादीत, म्हणजे शीटवर, मी चार पॅक्स तसेच राहू दिले. इथंच माती खाल्ली.

जंगलाच्या गेटवर आत जाताना आणि बाहेर येताना माणसं मोजतात. सकाळी शीट बघून वहीत चार लिहिले होते. आता निघाले तीन.

“जोसेफ, शीट चुकलीय. माणसं तीनच आहेत.”

“नाही सर. सकाळी मी आरशात मोजली. चौथे मागं खिडकीपाशी होते. टोपीवाले. काही बोलत नव्हते.”

म्हटलं, सुधीरला फोन दे.

सुधीर रडकुंडीला आला होता. “रफिकभाई, हे म्हणतायत की म्हाताऱ्याला जंगलात सोडून आलात. पोलिसांना बोलावलंय. आई नुसती हसतीय.”

“टोपी कुणाची रे?”

“बाबांची. ट्रिपसाठी घेतलेली. आईनं सीटच्या डोक्याकडच्या उशीला घातलीय.”

हुश्श! उशीवर टोपी, शीटवर चार. जोसेफला माणूस दिसणारच. पण गेटवाल्याला सुपारी कशी समजवायची? पोलिस आले तर समुद्र राहिला बाजूला आणि पोराच्या गळ्यात बापाचा खून. इन्शुरन्ससाठी घेतलेला मृत्यूचा दाखला फाइलमध्ये होता. फोटो काढून धाडला. गुरुजी तिथं नाहीत, हे मला दाखला दाखवून सिद्ध करावं लागलं. तौबा! लई वाईट वाटलं.

फोन चालूच होता. मग जोसेफ दबक्या आवाजात म्हणाला, “गेटवाल्यानं दाखल्यावरची तारीख तीनदा वाचली. चारावर काट मारलीय. गेट उघडलंय, पण गाडीकडं बघत नाहीये.”

“चला, मिटलं.”

“सर, एक सांगू? मी लंचचे चार डबे दिले होते. चारही खाल्लेत. चौथ्यात फक्त केळं उरलंय.”

“माकडानं खाल्लं असंल,” म्हणालो आणि फोन ठेवला. उठून पंखा बंद केला.

पंधरा दिवसांनी काकू शिंपले घेऊन आल्या. सुपारी समुद्रात सोडली म्हणाल्या. मी चहा मागवला, इकडचं तिकडचं बोललो, शेवटी राहवेना.

“काकू, तो चौथा डबा माकडानंच खाल्ला ना?”

त्यांनी बशी खाली ठेवली. “माकड केळं सोडंल व्हय, लेका?”

धंद्यात नव्या आलेल्यांना मी एवढंच सांगतो. पॅसेंजर गेला की त्याचं नाव तिकीट, हॉटेल, ड्रायव्हर, तिन्हीकडून काढा. आणि जेवणाचा कॉलम कोरा सोडू नका.