मशीनची दाद

आमच्या जोगेश्वरीच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक बेंजोवाला राहतो. गणपतीत त्याची बेंजो पार्टी मिरवणुका गाजवते, एरवी तो कुरियरच्या ऑफिसात असतो. जिना चढतानाही त्याची बोटं कठड्यावर वाजत असतात आणि बोलायला तोंड उघडलं की पहिला शब्द "ऐक ना."

सिनेमाची गाणी बेंजोवर वाजवून तो व्हिडिओ टाकतो. लगेच साइटच्या मशीनकडून कॉपीराइटची नोटीस येते आणि व्हिडिओचा आवाज बंद होतो. दुसरा कोणी वैतागला असता. हा मात्र मोबाइल नाचवत माझ्या दारात हजर. "ऐक ना, मशीनने गाणं ओळखलं. म्हणजे सूर झकास लागलेत." ज्या गाण्याला नोटीस येत नाही, ते तो तोंड पाडून पुन्हा बसवायला घेतो.

यंदा त्याने स्वतःची एक चाल बांधली आणि तीही टाकली. विसर्जनाला पाहतो तर पलीकडच्या गल्लीतली पार्टी तीच चाल वाजवत येतेय. माझंच डोकं फिरलं.

"अरे, तुझी चाल ढापली यांनी. आता तू पाठव ना नोटीस."

तो तडक गर्दीत घुसला. भांडण होणार म्हणून मी मागोमाग धावलो. वाजवणं थांबलं होतं आणि हा त्यांच्या बेंजोवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून समजावत होता.

"ऐक ना, दुसऱ्या ओळीत घाई करतोस तू. असं वाजवलंस तर माझी चाल मशीन ओळखणार कशी?"