लाथ आणि ढुशी

माझ्या नाकावर राग असतो, हे चोपड्याच्या आमच्या कॉलेजातल्या कुठल्याही मुलाला विचारा. मी प्राणिशास्त्र शिकवते. मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं, की माझा आवाज पार सायकल स्टँडपर्यंत जातो. पण लग्न होऊन या केळीच्या मळ्यातल्या घरात आले आणि माझी वाचाच बसली. नवऱ्याची पहिली बायको काही वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी नऊ वर्षांची आणि मी चाळिशीला टेकलेली. ‘सावत्र’ या शब्दाची मला एवढी धास्ती, की त्या पोरीशी मी पाहुण्यांशी वागावं तशी वागत होते. तिने दूध सांडलं तरी मी म्हणायची, “असू दे हं बाळा.” ती मला मावशी म्हणायची आणि तीही तितकीच शहाण्यासारखी वागायची. नावडती भाजीसुद्धा मुकाट्याने संपवायची. दोघी एकमेकींना जपून जपून अगदी दमून गेलो होतो. मला ही पोर हवी होती, माझी म्हणून हवी होती, आणि ती कशी मिळवायची ते माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं.

त्या हिवाळ्यात आमची एक गाय व्याली आणि त्यातच गेली. मागे तिची कालवड राहिली, ओली, चारही पाय चार दिशांना जाणारी. गोठ्यात दुसरी एक तांबडी गाय होती, तिला आठवड्याभराचा गोऱ्हा. कालवड तिच्या कासेला तोंड लावायला गेली, की तांबडी सणसणीत लाथ घालायची.

“ती का मारते तिला?” पोरीने मला विचारलं.

मी आपली वर्गात उभी असल्यासारखी सुरू झाले. गाय आपलं वासरू वासावरून ओळखते, दूध आधी त्याच्यासाठी, निसर्गाने तशीच सोय केलीय वगैरे.

“म्हणजे दुसऱ्याचं ती कधीच आपलं म्हणत नाही?”

पोर माझ्याकडे टक लावून बघत होती. मी उगाच कालवडीच्या अंगावरचं गवत झटकत बसले.

तेवढ्यात अक्का आल्या. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, पलीकडच्याच घरात राहतात. त्यांनी वाडग्यात गुळाचं पाणी केलं, त्यात मूठभर मीठ कालवलं आणि ते कालवडीच्या पाठीवर, मानेवर चोपडलं. “चाटू दे तिले,” त्या म्हणाल्या. “जीभले गोड लागनं, का मंग माया आपोआप येस.”

गायीचे मागचे पाय दोरीने बांधून मी धरून बसले. तांबडीने नाक फेंदारलं, फुरफुरली, मग हळूच जीभ लावली. आणि मग चाटतच सुटली! पोरगी टाळ्या पिटायला लागली, तिला अक्कांनी दटावलं. कालवड कासेला लागली तेव्हा मी दोरी धरल्या हातानेच डोळे पुसले आणि नाकाला शेण लावून घेतलं.

खरं तर हेच मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलेय. आईपणाची ही फार जुनी सोय, आणि तशी ती फारशी चोखंदळ नाही. हुंगलं, चाटलं, पाजलं, की अंगातच काहीतरी सैल होतं आणि वासरू कुणाचं हा प्रश्न मागे पडतो. माणसाचा चांगुलपणाही असाच आधी पोटच्या पिलापासून सुरू झाला असणार आणि मग शेजारच्या पिलापर्यंत सांडत गेला असणार. माकडं भांडून झाल्यावर एकमेकांच्या उवा बघत बसतात. कुत्र्याचं पिल्लू खेळताना जोरात चावलं, तर दुसरं खेळच सोडतं. नीतीचे धडे आपल्या कितीतरी आधी जनावरांनी गिरवलेत. शेण काढता काढता हे सगळं मी अक्कांना उत्साहाने सांगितलं.

“हाई तुन्हा पुस्तकमा लिखेल शे का?” अक्का म्हणाल्या. “मंग पुस्तक बरं शे.”

गूळ लावणं पुढे बंद झालं, तरी तांबडी चाटायची. शाळा सुटली की पोरगी उपड्या घमेल्यावर बसून गोठ्यातला कारभार बघायची. एका संध्याकाळी ती धावत आली.

“मावशी, तांबडीने कालवडीला मारलं!”

मी हातातल्या वह्या टाकून उठले. पण पोरीचा चेहरा तर फुलला होता.

“अगं, लाथ नाही! ढुशी दिली. कालवड तिच्या गव्हाणीत तोंड घालून सरकीची ढेप खात होती. गोऱ्ह्याने घातलं तर त्यालाही ती अश्शीच देते!”

आम्ही जाऊन बघितलं. कालवड पुन्हा ढेपेकडे गेली, तांबडीने डोक्याने तिला ढकललं, कालवड धडपडली आणि परत तिच्याच गळ्याखाली जाऊन उभी राहिली. आम्ही दोघी कितीतरी वेळ हसत होतो. इतकं मोकळं आम्ही एकत्र कधी हसलो नव्हतो.

त्यानंतर थंडी जोराची पडली. कॉलेजच्या गॅदरिंगच्या दिवशी मी कपाट उघडलं, तर इस्त्री करून ठेवलेली माझी रेशमी साडी गायब. गोठ्यात गेले. थंडी वाजू नये म्हणून पोरीने कालवडीला माझी साडी नीट दुहेरी करून पांघरली होती, ती स्वतः शेजारीच उभी होती, आणि पदर गोऱ्हा चघळत होता.

“अगं ए शहाणे!” माझा तो कॉलेजातला आवाज एकदम बाहेर पडला. “घरात गोणपाटं थोडी आहेत का? डोकं कुठे गहाण टाकलंस? आधी तो पदर काढ त्याच्या तोंडातून!”

अक्का दारातच थबकल्या. मी तोंडावर हात ठेवला. वाटलं, झालं, एवढे महिने जपलेलं सगळं एका साडीपायी मातीत घातलं.

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे मोठे झाले, ती तोंडभर हसली आणि केळीच्या बागेकडे धावत सुटली, बापाला ऐकू जाईल एवढ्याने ओरडत, “पप्पा! पप्पा! मावशीने मला ढुशी दिली!”