दोन उलटे झेंडे

लढाई पाच दिवसांत आटपली आणि निजामी संपली. सहाव्या दिवशी बिदरभर हलग्या वाजायला लागल्या. माणसं एकमेकांच्या तोंडात साखर कोंबत होती, गुलालानं रस्ते लाल झाले होते, आणि दुपारी गल्लीगल्लीतून मिरवणूक जाणार होती. ज्याच्या दारावर झेंडा नसेल त्याची धडगत नाही, असं कुणी दवंडी पिटून सांगितलं नव्हतं. पण ते सगळ्यांना कळलं होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, नवी सून. शिवणाचं मशीन माहेरून घेऊन आलेली, त्यामुळं माझा जरा तोराच होता. आमचं कापडाचं दुकान. दोन झेंड्यांपुरतं पांढरं कापड घरात होतं. त्यातले पट्टे समोरच्या रंगाऱ्यानं केशरी-हिरवे करून दिले. देताना दारातच घुटमळला. "बेटी, एक हमना बी सी दे," म्हणाला, म्हणजे आम्हालाही एक शिवून दे. खेड्यापाड्यांतून मुसलमानांच्या घरांविषयी काय काय ऐकू येत होतं, त्यानं त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. झेंडा दारावर लागला की आपण वाचलो, एवढीच त्याची आशा होती.

आता गंमत बघा. कालपर्यंत ज्या झेंड्यापायी माणसं तुरुंगात गेली, तो मी कधी पाहिलाच नव्हता. पाहिलं होतं ते सोलापूरहून चोरून आलेल्या वर्तमानपत्रातलं चित्र. त्यात वरचा पट्टाही काळपट, खालचाही काळपट. मग मी माझं डोकं चालवलं. हिरवा म्हणजे चुड्याचा रंग, सवाष्णीचा. तो वरच पाहिजे. काठीसाठी नेफा शिवला आणि कापड घसरू नये म्हणून हिरव्या बाजूचं तोंड शिवून टाकलं. दोन्ही झेंडे तसेच. कुणाला विचारायचं मला सुचलं नाही. मला सगळं येतं, हा माझा जुना रोग.

दुपारी मिरवणूक आली. मी माडीच्या खिडकीत. आमच्या झेंड्यावर झेंडूची फुलं पडली. पुढं असलेल्या गिरणीवाल्यानं तर त्याला हात जोडले. दहा पावलं पुढं गेला आणि रंगाऱ्याच्या दारासमोर थबकला.

"हे बघा! हिरवं वर टांगलंय! अजून मस्ती जिरली न्हाई व्हय ह्याची?"

हलगी थांबली. रंगारी बाहेर येऊन हात जोडून काही सांगत होता, ते ऐकायला कुणी तयार नव्हतं. एकानं त्याची कॉलर धरली. दुसऱ्याच्या हातात काठी दिसली. मी मिरवणुकीतला मोठा झेंडा पाहिला. त्यात केशरी वर होतं. म्हणजे चूक माझीच होती. आणि तरी मी काही वेळ खिडकीतच उभी राहिले. सासऱ्यांना भ्याले, लोकांना भ्याले. त्याची लाज अजून वाटते.

मग जिना उतरले. दारात सासरे आडवे आले. "कुठं निघालीस? आत हो."

"अप्पा, ते मी शिवलंय."

"आत हो म्हणलो न्हवं!"

मी त्यांच्या हाताखालून निसटले. डोक्यावरचा पदर कुठं गेला कळलं नाही.

"सोडा त्यांना! कामून मारायलाव? चूक माझी हाय. नेफ्याचं वरचं तोंड मी शिवून टाकलंय, दुसऱ्या बाजूनं काठी जातच न्हाई. आन् आमच्या दारावर बघा की! तिथं बी हिरवंच वर हाय. तुम्ही आत्ता त्याच्यावर फुलं टाकून आलाव!"

सगळ्या माना वळल्या. गिरणीवाल्यानं आमच्या झेंड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि हसला.

"नवी सून हाय, चुकतंय की!"

सगळेच हसले. सासरेही हसले. दोघांनी आमचा झेंडा हलक्या हातानं उतरवून, घडी करून माझ्या हातात दिला. रंगाऱ्याची कॉलर मात्र सुटली नव्हती. त्याला स्टुलावर चढवलं. त्यानं काठी काढली, दातानं शिवण उसवली, कापड फिरवून पुन्हा घातलं. मग त्याच्याकडून तीनदा जयजयकार करवून घेतला. दोनदा आवाज लहान आला म्हणून आणखी दोनदा. मग हलगी वाजली आणि मिरवणूक पुढं गेली.

मी त्याच्या उंबऱ्याशी गेले. रडूच येत होतं.

"चाचा, चुकलं माझं."

त्यानं खाली पडलेली टोपी उचलून झटकली. माझ्यावर तो रागावलेला नव्हता, तेच मला सोसेना.

"चूक तुमना माफ है, बेटी," तो म्हणाला. "हमना नई."

आणि त्यानं दार लावून घेतलं.