फोटोत बसलेली मावशी

मावशीला अख्ख्या बिल्डिंगमध्ये भिंगरी म्हणत, आणि तोंडावर म्हणत. इस्पितळात नर्स होती तेव्हा दिवसभर पायाला चाकं, घरी आली की पुन्हा चाकं. जेवायचीसुद्धा ओट्यापाशी, उभ्याउभ्या. तिच्याकडे बघून पाहुण्यांनाच धाप लागायची. नवरा तर जन्मभर "बस की गं जरा" म्हणत राहिला. खिडकीपाशी त्याची आरामखुर्ची होती आणि शेजारी एक स्टूल, खास तिच्यासाठी ठेवलेलं. त्या स्टुलावर वर्तमानपत्रं बसली, वाळलेले कपडे बसले, मावशी काही बसली नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी त्याने खुर्चीतून हाक मारली, "अगं, ये ना, बस इथे." तिचे हात साबणात होते. "आले, आले," म्हणत तिने उरलेली भांडी घासली, ओटा पुसला. बाहेर आली तेव्हा तो गेलेला होता. वॉर्डात कितीतरी परक्यांच्या उशाशी ती शेवटपर्यंत थांबली होती, आणि घरच्या माणसाच्या वेळी ओटा पुसत होती. हे तिचं काळीज कुरतडत होतं, पण ती कुणाजवळ बोलली नाही.

पुढे मुलाने तिला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. फ्लॅट विकला गेला. ती आनंदाने हो म्हणाली, पण दोनदा बॅग घेऊन जिन्यापर्यंत गेली आणि पाऊल उचलेना. गुडघ्याचं निमित्त सांगून परत फिरली. आज मात्र संध्याकाळी नवे मालक किल्ली घ्यायला येणार होते. आज पाय अडले तर मुलाला काय तोंड दाखवायचं, ही धास्ती तिला सकाळपासून होती.

सामान बांधायला बहिणीचा मुलगा आला होता. हा गाणी करायचा. स्वतःच लिहितो, स्वतःच गातो आणि बहुतेक स्वतःच ऐकतो, असं मावशी म्हणे. घर सोडण्यावरचं एक गाणं त्याने तयार ठेवलं होतं आणि त्याचा व्हिडिओ त्याला याच घरात करायचा होता. कॅमेरा मित्राचा, स्टँड उसना, आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर रबरबँडने बांधलेली वेल्डिंगवाल्याची काळी काच.

"या बिचाऱ्याच्या डोळ्याला काय झालं?" मावशीने विचारलं.

"उजेड कमी करायला गं. एकेक फोटो अर्धा मिनिट घ्यायचा. जे हलत नाही तेच उमटतं, हलेल ते पुसलं जातं. मी गिटार घेऊन दगडासारखा बसतो, तू सामान बांध. सगळे फोटो जोडले की घर आपलं आपण आवरतंय असं दिसेल."

"म्हणजे मी राबायचं आणि दिसायचंही नाही. यात नवीन काय?"

भाचा हसला आणि काम सुरू झालं. त्याने जमिनीवर बैठक मारली, श्वाससुद्धा जपून घेऊ लागला. मावशीने कपाटं रिकामी केली, भांडी कागदात गुंडाळली, खोकी चिकटपट्टीने बंद केली. दुपारपर्यंत घर निम्मं झालं, चार वाजता शेवटचं खोकंही टेम्पोने गेलं; नव्या मालकांसाठी आरामखुर्ची आणि स्टूल तेवढं राहिलं.

चहा पिताना भाचा लॅपटॉपवर फोटो बघत होता. बघता बघता त्याने कप खाली ठेवला.

"मावशी, तू मध्ये बसली होतीस?"

"मी? चेष्टा करतोस होय रे माझी?"

त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. काचेमुळे खोली हिरवट, पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. फळी रिकामी होत गेलेली, खोकी भरत गेलेली, भरणारं कुणी नाही. आणि खिडकीपाशी, स्टुलावर, एक बाई. मावशीचाच राखाडी स्वेटर, मावशीचेच केस. हात मांडीवर, तोंड रिकाम्या आरामखुर्चीकडे. पहिल्या फोटोपासून शेवटपर्यंत ती तिथेच होती. श्वासामुळे भाच्याची कडा जराशी फिसकटली होती. तिची कुठेच नाही.

दोघांनी वळून पाहिलं. स्टूल रिकामं होतं.

"काच खराब असेल," भाचा म्हणाला.

"खराब काचेला माझा स्वेटर कुठून माहीत?"

मावशीला भीती वाटली आणि लगेच रडू आलं. वर्षभर आपण घरभर पळत होतो आणि ही इथे बसून होती, म्हणूनच जिन्यापाशी पाय अडत होते, हे तिला आता कळलं.

"पुसून टाकू का हे सगळं?"

"नको. एवढा वेळ बसले मी, निदान दिसू दे." तिने डोळे पुसले. "अजून एक फोटो काढ. तू यात बसू नकोस."

"मावशी, जाऊ या ना आपण."

"काढ म्हणते ना."

कॅमेरा सुरू झाला. मावशी स्टुलापाशी गेली आणि वाकली. "चला, उठायचं ना आता? हात इथे, माझ्या खांद्यावर. घाई नाही." मग अगदी हळू म्हणाली, "ते गेले गं. तू आलीस, बसलीस, पोचलं त्यांना. आता ऊठ."

काही क्षण काहीच झालं नाही. मग खांद्यावर वजन आलं. आयुष्यभर तिने माणसं उचलली होती, पण आपण स्वतः इतक्या जड असू असं तिला वाटलं नव्हतं.

कॅमेरा थांबला. भाच्याने पाहिलं. खिडकी, आरामखुर्ची, स्टूल. बाकी कुणी नाही. तो सांगायला वळला तोवर मावशी दाराबाहेर पडली होती, एका अंगाने झुकलेली. पाऊल उचललं जात होतं.

जिना धडाधडा उतरणारी बाई आज एकेक पायरी थांबत उतरली. खालच्या शेजारणीने विचारलं, "गुडघा का हो?"

"हळूच न्यावं लागतं," मावशी म्हणाली.

फाटकापाशी तिने नव्या मालकांच्या हातावर किल्ली ठेवली. भाच्याने टॅक्सीच्या डिकीत बॅगा टाकल्या आणि मागचं दार उघडलं. मावशी वाकली, जरा थांबली, मग आत शिरून अगदी दाराच्या कडेला बसली. तो दुसऱ्या बाजूने तिच्याशेजारी बसायला आला.

"तू पुढे बस, राजा," ती म्हणाली. "मागे जागा नाही."