शत्तूरच्या बाहुल्याचे कपडे

नेअमतने घरात कुणाचं तरी पोर कोंडून ठेवलंय, ही बातमी आधी शेजारच्या उम्म वहीदच्या तोंडून निघाली. आणि उम्म वहीदच्या तोंडून निघालेली बातमी पोर्ट सईदच्या धक्क्यावर जहाजाच्या आधी पोचते. इमारतीच्या मधोमध उजेडासाठी जी पोकळी सोडलीय, तिच्यात सगळ्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात. त्या पोकळीतून दर वर्षी, रमजानच्या दोनेक महिने आधी, एका मुलाचा आवाज यायचा. किरकिरा, टोचरा, मध्येच थांबून तेच वाक्य पुन्हा म्हणणारा. "मारून-मारून पाठ करून घेते हो त्याच्याकडून," उम्म वहीद खारवलेल्या माशाच्या बरणीचं झाकण घट्ट करत सांगायची. "बिनलग्नाची बाई, पोर आणलं कुठून, ते अल्लाच जाणे."

पोरबीर काही नव्हतं. न्हाणीघरात डोक्यावर रजई घेऊन बोलणारी ती नेअमतच होती. गल्लीला तिने सांगितलं, रेडिओ लावते. गल्लीने ते मान्य केलं, कारण नेअमतसारखी भित्री बाई पोर पळवील हे उम्म वहीदलाही मनातून पटलेलं नव्हतं. पाल दिसली तर ही बाई जिन्यात येऊन बसायची, आणि पाल गेल्याची खात्री करायला वरच्या मजल्यावरच्या रय्यिस दुसूकीला, म्हणजे गोदीतल्या हमालांच्या मुकादमाला, हाक मारायची.

पण खरं जे होतं ते पोर पळवण्यापेक्षा वाईट होतं. निदान नेअमतला तसं वाटे. ती शत्तूर होती.

शत्तूर कोण, हे आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. रमजानात मगरिबची, सूर्यास्ताची बांग झाली, खजूर तोंडात गेला, सूप वाढलं गेलं, की टीव्हीवर अम्म मिस्बाहचं, म्हणजे मिस्बाहकाकाचं, कार्टून लागतं. म्हातारा मिस्बाह कंदील दुरुस्त करतो आणि अंधाराला घाबरतो. त्याचं गाढव बरकूक त्याच्याहून घाबरट. कंदील विझला की म्हातारा गाढवाच्या पोटाखाली लपतो, गाढव म्हाताऱ्याच्या टोपीत तोंड खुपसतं, आणि दोघं मिळून असा काही घोळ घालतात की सुपाचा घोट नाकात जातो. वर्षानुवर्षं एवढंच. कुणाला त्याचा कंटाळा आला नव्हता. मग टीव्हीच्या कचेरीत वर बसलेल्या कुणाला तरी वाटलं की मुलांपुढे असल्या भेदरटांचा आदर्श बरा नाही, आणि एका रमजानात शेजारचा शाळकरी पोरगा म्हणून शत्तूर आला. नावाचा अर्थच हुशार. इस्त्री केलेला शर्ट, लाल पट्टा, केसांचा भांग सुईने पाडल्यासारखा. त्याला सगळं येतं. तो कशालाच घाबरत नाही. कंदील विझायच्या आत तो वात बदलून मोकळा, आणि वर कमरेवर हात ठेवून म्हणतो, "यात घाबरायचं काय?"

पहिल्याच आठवड्यात उस्ता शहाता न्हाव्याने दुकानातल्या टीव्हीवर साबणाचा फेस फेकला होता.

आणि या शूर वीराचा आवाज गावला कुठे, तर कैरोच्या एका लिफ्टमध्ये. नेअमत चुलतबहिणीला भेटायला रेकॉर्डिंगच्या इमारतीत गेली होती, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आणि ही जी किंचाळली ती दहा वर्षांच्या पोरासारखी. भीती वाटली की तिचा आवाज असाच वर चढायचा, लहानपणापासून. बाहेर उभ्या दिग्दर्शकाने लिफ्ट उघडायच्या आधी विचारलं, "आत मुलगा कोण आहे?" तेव्हापासून दर वर्षी रमजानआधी नेअमत गुडघ्यांवर उपचाराच्या नावाखाली बसने कैरोला जायची, माइकसमोर उभी राहून ती लिफ्ट आठवायची, आणि शत्तूर बोलायला लागायचा. नाव पडद्यावर घालू नका, एवढी एकच अट तिने घातली होती.

का घातली, ते रमजानात कळायचं. संध्याकाळी खिडक्या उघड्या असायच्या. शत्तूरने तोंड उघडलं की साऱ्या गल्लीतून एकदम शिव्यांचा गजर व्हायचा, आणि नेअमत आपल्या ताटासमोर मान खाली घालून बसायची. गल्लीभर बायकांचे झगे तीच शिवायची, पोरांचे शाळेचे शर्टही. सगळ्यांची मापं तिला तोंडपाठ होती. हे सगळे उद्या आपल्याकडे त्या नजरेने बघू लागले तर आपण राहायचं कुठे, या विचारात तिचं सूप गार व्हायचं.

त्या वर्षी रमजान मार्चमध्येच येऊन गेला, आणि ईदचे बिस्किटांचे डबे रिकामे होतात न होतात तोच वसंताचा सण आला. सणाच्या आदल्या संध्याकाळी पोर्ट सईदच्या गल्ल्यांमध्ये बाहुले जाळतात. वर्षभरात ज्याने गावाचं डोकं उठवलं त्याचा बाहुला. कधी मंत्री, कधी पेनल्टी चुकवणारा खेळाडू. आमच्या गल्लीत हे खातं दुसूकीकडे. यंदा कोण, म्हणून विचारायलाही कुणी गेलं नाही.

दुसूकी नेअमतच्या दारात कापडाचा गठ्ठा घेऊन उभा राहिला. तिला तो अब्ला, म्हणजे ताई, म्हणायचा. "अब्ला, पांढरा शर्ट हवा. कॉलर कडक. पट्टा लाल. पुरुषभर उंचीचा आहे मेला, कापड पुरेल ना?"

नेअमतने गठ्ठा घ्यायला हात पुढे केला नाही. "कुणाचा आहे?"

"कुणाचा म्हणजे? शत्तूरचा! मग काय माझ्या सासूचा?"

"माझे गुडघे..."

"शिवायला गुडघे कशाला लागतात गं? आणि ऐक, भांग नीट पाडायचा. त्या भांगाचीच मला जास्त चीड आहे."

नाही म्हणावं तर का म्हणून विचारतील. नेअमतने माप घेतलं. ती शिवत होती आणि उम्म वहीद उंबऱ्यावर बसून कांदे निवडत होती.

"काय गं उम्म वहीद," नेअमतने मशीन थांबवून, होईल तितका जाड आवाज काढून विचारलं, "इतकं काय वाकडं केलंय त्या पोराने? चुकीचं तर काही बोलत नाही."

"तेच तर! एकदा तरी चुकायचं की मेल्याने. आणि गाढवाला बोलू देतो का? बरकूकने आ केला की याचं उत्तर तयार. माझा नवरा होता तसा. अल्ला त्याला शांती देवो, आणि मला ती त्याच्यामागे मिळालीच."

नेअमत हसली नाही. तिला स्वतःलाही गाढवच आवडायचं. रेकॉर्डिंगला गाढवाचा आवाज काढणारा म्हातारा नट तिच्या शेजारी उभा राहायचा, आणि हल्ली त्याच्या वाट्याला फक्त खाकरणं उरलं होतं.

सूर्य इमारतींमागे कलला तेव्हा सगळी गल्ली चौकात जमली. फळांच्या खोक्यांचा मंच, त्यावर पेंढा, फाटकी जाळी, आणि वर शत्तूर, कमरेवर हात ठेवलेला. सिमसिमियाच्या, आमच्या गावच्या तंतुवाद्याच्या, तारा जुळत होत्या. दुसूकीने डोक्यावर पातेलं घालून न्यायाधीशाची जागा घेतली. आमच्याकडे बाहुल्याला खटल्याशिवाय जाळत नाहीत. आरोप होतात, मग आरोपीला बोलायला सांगतात, आणि गर्दीतला कुणीतरी त्याच्या आवाजात उत्तर देतो. यंदा ते काम शहाताने मागून घेतलं होतं. त्याचा शत्तूर बोकडासारखा वाटायचा, पण हौस दांडगी.

"आरोप!" दुसूकी गरजला.

"माझं गिऱ्हाईक हसत नाही," शहाता म्हणाला. "पूर्वी हसता-हसता मान हलायची म्हणून मी वस्तरा बाजूला ठेवायचो. आता ठेवावाच लागत नाही!"

आरोपांवर आरोप झाले. शेवटी दुसूकीने पातेलं काढून काखेत धरलं.

"आता माझा. लढाईच्या वर्षांत आपल्याला गाव सोडून जावं लागलं. परक्या गावातल्या शाळेच्या एका वर्गात आम्ही चार कुटुंबं. ट्रकचं दार आपटलं तरी माझा बाप, एवढा पहेलवान, बाकाखाली जायचा, आणि आम्ही पोरं बघितलं नाही असं दाखवायचो. परत आलो, टीव्ही आला, मिस्बाह गाढवाखाली शिरला, आणि माझा बाप हसला हो. पहिल्यांदा. आता हा पट्टेवाला येऊन विचारतो, यात घाबरायचं काय? अरे, तुझ्या बापाला विचार!"

गर्दीच्या कडेला उभी असलेली नेअमतही त्या वर्षांत अशाच एका वर्गात होती, दुसऱ्या गावात. तिला वाटलं, आत्ता सगळे वळून आपल्याकडेच बघणार.

दुसूकी खरोखर वळला. "अब्ला! खिळ्याला अडकून खांदा फाटलाय बघ. पेंढा बाहेर येतोय. मागून दोन टाके घाल पटकन, तोवर मी नारिंगी सरबत पिऊन येतो. घसा सुकला."

सुई-दोरा तिच्या झग्याला टोचलेलाच असायचा. ती खोक्यांवर चढली, बाहुल्याच्या मागे गेली. पुढून ती कुणाला दिसेना, आणि सगळे सरबताकडे वळल्याने ती वर चढलेली कुणी पाहिलीही नाही. दुहेरी जाड दोरा सुईतून तीनदा सुटला. तिने घाईघाईत टाके मारले, गाठ मारली, ओढली, आणि हात मागे घेऊ गेली तर हात येईना. आपल्याच बाहीची कड तिने शत्तूरच्या खांद्याला शिवून टाकली होती.

कात्री घरी होती. तिने दोरा दातात धरला. तेवढ्यात पुढे गाणं सुरू झालं. गाणं सुरू झालं म्हणजे टाके घालून झाले, जाळायची वेळ झाली, असं समजून शहाताने काठीला गुंडाळलेला, तेलात भिजवलेला बोळा पेटवून पेंढ्याला लावला.

आधी वास आला. मग पायाजवळ तडतड. नेअमतने ओरडण्यासाठी तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून शत्तूर बाहेर पडला.

"थांबा! आग विझवा! मी मागे आहे!"

सगळी गल्ली एका दमात हसली. "वा रे शहाता!" कुणीतरी ओरडलं. "यंदा जमलं की! हुबेहूब!"

"विझवा सांगितलं ना! ऐकू येत नाही का?"

"बघा, मरतानाही हुकूम सोडतोय!" उम्म वहीद टाळी देत म्हणाली. "जळ मेल्या!"

शहाता मात्र हसत नव्हता. पेटलेली काठी हातात धरून तो जागच्या जागी पांढरा पडला होता. "मी नाही बोललो," तो म्हणत होता. "आईशप्पथ, मी तोंडच उघडलं नाही." गाण्याच्या गलक्यात त्याचं कुणी ऐकेना. लाल पट्टा पेटला. धूर मागे वळला. नेअमत हात ओढत होती, पण तिचे टाके कधी उसवत नसत, त्याबद्दलच ती गल्लीत प्रसिद्ध होती. तिने आपला रोजचा, जाड, समजूतदार आवाज शोधून पाहिला, तिथे तो नव्हताच. जितकी भीती वाढे तितका शत्तूर वर चढे, आणि जितका तो वर चढे तितकी गल्ली खूश होई. तिला कळून चुकलं, ही माणसं आपल्याला टाळ्यांच्या गजरात जाळणार आहेत.

मग तिने हुकूम सोडायचे थांबवले. तोंडाला येईल ते बोलली.

"मला भीती वाटतेय! दुसूकी, मला खूप भीती वाटतेय! हात अडकलाय माझा, कुणीतरी या हो!"

हसणं मध्येच तुटलं. सिमसिमियावाल्याचा हात तारेवर तसाच राहिला. शत्तूर असं म्हणत नाही. इतक्या वर्षांत तो एकदाही असं म्हणाला नव्हता, आणि ते गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"आत माणूस आहे!" सरबताचा पेला फेकून दुसूकी धावला. त्याने खोकी लाथेने उडवली, बाहुल्याला कमरेला मिठी मारून खाली खेचलं, तशी त्याच्याबरोबर नेअमतही खाली आली. उम्म वहीदने आधी माशाचं खारं पाणी ओतलं, मग साधं. शहाताने वस्तऱ्याने बाही कापली. तिच्या हाताचं कोपरापर्यंतचं कातडं लाल झालं होतं. भुवई एक उरली होती.

ती जमिनीवर बसली होती. भोवती सगळी गल्ली. ती "पाणी" म्हणाली, आणि तेही शत्तूरच्याच आवाजात निघालं. ज्यांना अजून शंका होती त्यांची ती तिथे फिटली.

उम्म वहीदने तोंडावर हात ठेवला. दुसूकीने पातेल्यात पाणी दिलं. तिचे दात पातेल्याच्या काठावर वाजत होते. तिने सगळं पाणी संपवलं, कारण पातेलं खाली ठेवलं की बोलावं लागणार होतं.

"म्हणजे," दुसूकी म्हणाला, "इतके रमजान आमच्या इफ्तारीचा विचका करणारी ती तू? वरच्या मजल्यावर बसून मी तुला ऐकवत होतो शिव्या? आणि तू हूं की चूं नाही?"

नेअमतने पातेलं खाली ठेवलं. ओला, जळका झगा गुडघ्यांवर सारखा केला. सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहून घेतलं.

"मीच ती. पुढच्या रमजानचंही माझंच ठरलंय. त्याला जाळायचं असेल तर खुशाल जाळा, पण कपडे दुसरीकडून शिवून आणा."