जनरल सरांची पहाटेची बॅच

जनरल सर मेलेल्या अमेरिकन सेनापतींना मार्क द्यायचे. शंभरपैकी. पस्तीसला पास. लातूरच्या आमच्या वाचनालयात दर गुरुवारी संध्याकाळी वाचकांनी उभं राहून वाचलेल्या पुस्तकाबद्दल चार शब्द बोलायचे, असा रिवाज होता. बाकीचे कादंबऱ्यांवर बोलत, मी प्रवासवर्णनांवर. सर मात्र तिकडचे सेनापती नि राष्ट्राध्यक्ष सोडून कुणाचं चरित्र हातात धरत नसत. स्वतः गणिताचे मास्तर. बंदूक सोडा, आयुष्यात उंदीरही मारला नसेल. पण पोरांनी ठेवलेलं नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच.

"जिंकला, मान्य. पर माणसं लई खर्ची घातली. बत्तीस," असं म्हणून ते नावाजलेल्या सेनापतींना खुशाल नापास करत. एका राष्ट्राध्यक्षावर मात्र त्यांची मर्जी होती. पहाऱ्यावर झोपलेल्या एका शिपायाला गोळी घालायचं ठरलं होतं, ते या माणसानं माफ केलं. सर म्हणाले, "झोप लागली म्हणून जीव घेतात का राव? पोरगंच व्हतं ते. नव्वद." वाचनालयाची पुस्तकं बांधून देणारे युसूफभाई म्हणाले, "सर, तुमच्या शाळेतल्या पोरायला बी असेच मार्क देत जा की." सगळे हसले, सर सर्वांत जास्त.

मग ती गणपतीतली पहाट आली. विसर्जन आटोपून माणसं झोपली आणि चारच्या सुमाराला जमीन हलली. सरांची धाकटी बहीण औशापलीकडच्या एका गावात दिलेली होती. तिचं घर दगडमातीचं. घरातले सगळे गेले, वाचली ती एकटी मुलगी, सुमन. सर तिला घेऊन घरी आले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगत, "झोपेत गेले समदे. जागी असती तर वाचली असती माझी बहीण."

सर पुन्हा वाचनालयात आले ते कितीतरी महिन्यांनी. उभे राहिले आणि म्हणाले, "मागं मी त्या राष्ट्राध्यक्षाला नव्वद दिले व्हते. चुकलो. पहारेकरी झोपला की मागची समदी माणसं मरतात. वीस." कुणी हसलं नाही. त्यानंतर दर गुरुवारी, सैन्याला रात्रंदिवस हाकणारे, विश्रांती मागणाऱ्याला फटके मारणारे सेनापती एकेक करून पास होऊ लागले. एकदा बाहेर पडताना युसूफभाई मला हळूच म्हणाले, "आता यांच्याकडं पास व्हायला माणूस पत्थर पाहिजे."

तोवर शहरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. सरांनीही क्लास काढला. त्यांची पहिली बॅच पहाटे चारच्या आधी भरायची. आईबाप खूश झाले, याला म्हणतात शिस्त. लोह्यापासून निलंग्यापर्यंतची पोरं कॉट भाड्यानं घेऊन राहू लागली. सर त्या वेळेला शिकवत फारसे नसत. एक हात भिंतीला लावून बाकांच्या मधून फिरत आणि ज्याची मान पडेल त्याच्या डोळ्यांना पाणी लावत. ते कशाची राखण करत होते हे मला आणि युसूफभाईंना कळत होतं. बाकीच्या क्लासवाल्यांना फक्त गर्दी दिसली, त्यांनीही तीच वेळ धरली.

मला काळजी होती सुमनची. पहिल्या बाकावर ती रोज असायची, आणि घरीही त्या वेळेआधी तिला उठवलं जायचंच, सुट्टी असो की ताप. दोन वर्षांत तिचे डोळे खोल गेले, केस गळाले. एकदा बाजारातून येताना आमच्या फाटकाला टेकून ती उभ्या उभ्या झोपली होती. बायको म्हणाली, "ही पोरगी हातची जाईल, बघा." मी सरांशी बोललो. ते म्हणाले, "दमली हाय. पर जिती हाय न्हवं?"

एका गुरुवारी सुमन सरांबरोबर आली आणि बोलायला उभी राहिली. तिनं सरांच्याच कपाटातलं चरित्र वाचलं होतं, सैन्याला पळवून पळवून थकवणाऱ्या आणि ऐन लढाईत स्वतःच झाडाखाली झोपून गेलेल्या सेनापतीचं. "ह्याला मी नापास करते," ती म्हणाली. सर म्हणाले, "कारण सांग." तिनं पुस्तक मिटलं.

"मामा, त्या रात्री मी जागी होते. माझी दाढ दुखत होती. मी अंगणात बसले होते. आईपण जागीच होती. माझ्यासाठी लवंग आणायला ती आत गेली."

सर खाली बसले. त्यांचा हात पाठीमागची भिंत चाचपत होता. इतक्या दिवसांत त्यांनी पोरीला त्या रात्रीबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "सांगितलं का न्हाईस?" ती म्हणाली, "जागी असती तर वाचली असती, तुम्हाला तेवढाच आधार होता."

दुसऱ्या दिवसापासून पहाटेची बॅच बंद झाली. पोरं महिनाभरात शेजारच्या क्लासात गेली. पुढं सुमनला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला, सर तिच्यासोबत गेले. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा ती चांगली भरली होती. चहा देताना म्हणाली, "मामा अजून त्याच वेळेला उठतात. चटईवर बसून राहतात. मला उठवत न्हाईत." त्याच वर्षी सर गेले. त्यांच्याइतका माझ्या जिवाला लागलेला माणूस दुसरा नाही.

मागच्या महिन्यात हिमायतनगरचे ओळखीचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आमच्याकडे उतरले होते. कुठला क्लास चांगला, विचारत होते. "पहाटेची बॅच पाहिजे बघा. लातूरचं नाव त्याच्यावरच हाय." ती वेळ कुणी आणि का धरली, ते मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि फी विचारली. मुलगी खुर्चीत बसल्या बसल्या झोपून गेली होती. मी म्हटलं, "असू द्या, झोपू द्या तिला." त्यांनी तिचा खांदा हलवून तिला उठवलं.